इलेक्ट्रिकलला जावे का? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

सीईटीचा निकाल आणि प्रवेशफेऱ्या यांच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पदवीविषयीची पत्रे बरीच असतात. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली अशी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढील काही पत्रांतील शंकांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : आमची मुलगी बारावी विज्ञान शाखेची आहे आणि तिने सीईटी दिली आहे. इलेक्ट्रिकलच करायचे, असे तिने ठरवले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, वायरमनचेच काम करायचे तर चार वर्षे आणि एवढा खर्च कशासाठी; त्यापेक्षा कॉम्प्युटर घ्यावे. या पदवीत नेमके काय शिकवतात आणि मुलीला हे क्षेत्र झेपेल का?
— एक पालक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : वायरमन व्हायचे असेल तर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; तो चांगला आहे आणि ठाण्यासारख्या शहरात हुशार वायरमनला कामाची ददात पडत नाही. पदवीचा हेतू मात्र वेगळा आहे. घोडबंदर रोडवर उभ्या राहणाऱ्या तीस मजली इमारतीला किती केव्हीए क्षमतेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लागेल, त्यातून निघणारी केबल किती जाडीची हवी, तळमजल्यावर शॉर्टसर्किट झाले तर कोणता ब्रेकर आधी पडला पाहिजे आणि कोणता अजिबात पडता कामा नये, हे आकडेमोड करून ठरवणे आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेणे हे इंजिनिअरचे काम आहे. त्याच्या हातात पक्कड क्वचित येते, कॅल्क्युलेटर रोज येतो.

पहिले वर्ष बहुतेक शाखांना जवळपास सारखेच असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, थोडे प्रोग्रॅमिंग आणि बेसिक इलेक्ट्रिकल हे विषय त्यात येतात आणि त्यावरून शाखेविषयी कोणतेही मत बनवू नये. खरी ओळख दुसऱ्या वर्षी होते. सर्किट थिअरी, इलेक्ट्रिकल मशिन्स, विद्युतचुंबकीय क्षेत्रे आणि त्यांच्या जोडीला लाप्लास व फूरिए यांचे गणित हे सगळे एकदम अंगावर येते. विद्यार्थी या शाखेत रमणार की चार वर्षे नुसता पुढे सरकत राहणार, याचा निकाल माझ्या मते याच वर्षी लागतो, त्यामुळे शाखा निवडतानाही डोळ्यांसमोर शेवटच्या वर्षातील नोकरीच्या आधी हे दुसरे वर्ष असले पाहिजे.

त्या वर्षी काय शिकतात, याचा एक नमुना आपल्या सोसायटीतही पाहायला मिळू शकेल. आग लागल्यास चालवायचा मोठा पंप अनेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टरवर असतो. त्याची चाचणी घेताना पॅनेलमधून आधी एक ‘खट्’ असा आवाज येतो, मोटार हळूहळू वेग घेते आणि काही सेकंदांनी दुसरा ‘खट्’ ऐकू येतो. पहिल्या टप्प्यात मोटारीची तिन्ही वेटोळी स्टारमध्ये, म्हणजे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेली असतात (दुसऱ्या ‘खट्’ला ती डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, जातात), त्यामुळे ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक वेटोळ्याला ४१५ भागिले √३, म्हणजे सुमारे २४० व्होल्टच मिळतात. परिणामी वाहिनीतून ओढला जाणारा प्रवाह थेट डेल्टात सुरू केल्यावर जेवढा झाला असता त्याच्या एक-तृतीयांश होतो, पण मोटारीचा सुरुवातीचा टॉर्कही (फिरवण्याचे बळही) एक-तृतीयांशच उरतो, आणि म्हणून सुरुवातीलाच जड भार ओढावा लागणाऱ्या यंत्राला हा स्टार्टर चालत नाही. हा √३ येतो कोठून, प्रवाह √३ पटीने कमी न होता थेट तिपटीने का कमी होतो, आणि तीन फेजमधील १२० अंशांच्या अंतराचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे कागदावर तीन बाण काढून स्वतः सिद्ध करण्यात ज्याला मौज वाटते, त्याने ही शाखा डोळे झाकून घ्यावी. सूत्र पाठ करून सुटका करून घ्यावी असे ज्याला वाटते, त्याने घेण्यापूर्वी विचार करावा.

तिसऱ्या वर्षी पॉवर सिस्टिम्स, कंट्रोल सिस्टिम्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोकंट्रोलर हे विषय येतात. ठाणे स्थानकातून लोकल सुटताना डब्याखालून चढत जाणारा एक सूर ऐकू येतो. गाडीखालचा इन्व्हर्टर थ्री-फेज इंडक्शन मोटारींना दिलेली वारंवारता आणि व्होल्टेज वाढवत नेतो आणि त्याबरोबर गाडीचा वेग वाढतो. ब्रेक लावताना त्याच मोटारी जनित्रे होतात आणि वीज ओव्हरहेड वायरीत परत जाते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकातील निम्मी प्रकरणे अशी रोजच्या प्रवासात आपल्या पायांखाली चाललेली असतात. चौथ्या वर्षी स्विचगिअर व प्रोटेक्शन, ऐच्छिक विषय आणि प्रकल्प असतो. विषयांचा क्रम विद्यापीठ आणि स्वायत्त महाविद्यालये यांच्यात थोडाफार बदलतो, गाभा बदलत नाही.

मुलीला झेपेल का, या प्रश्नात मला फारसे तथ्य वाटत नाही. डिझाइन, प्रोटेक्शनची आकडेमोड, वीजजाळ्यावर नजर ठेवणाऱ्या भारप्रेषण केंद्रातील नियंत्रण, चाचणी प्रयोगशाळा या कामांत शारीरिक बळाचा संबंधच येत नाही. साइटवरील कामात उन्हातान्हात फिरावे लागते आणि काही ठिकाणी रात्रपाळी असते, पण ते मुलग्यांनाही चुकत नाही. आपण एवढेच करावे, की बारावीच्या भौतिकशास्त्रातील एसी सर्किट्सचे प्रकरण तिला परीक्षेचे दडपण नसताना पुन्हा सोडवायला सांगावे. त्यातील एलसीआर मंडलाची उदाहरणे तिने कंटाळा न करता सोडवली, तर वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याची जबाबदारी आपण घ्यावी.

प्रश्न : माझ्या पर्सेंटाइलवर घराजवळच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटरशी संबंधित नव्याने सुरू झालेली शाखा मिळू शकते आणि लांबच्या, जुन्या महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळू शकते. शाखा आधी पाहावी की महाविद्यालय? शिवाय इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि ‘एक्स्टीसी’ यांत फरक काय?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : फरक आधी सांगतो. इलेक्ट्रिकलचा मुख्य विषय वीज ही ऊर्जा म्हणून निर्माण करणे, वाहून नेणे आणि वापरणे हा आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार, ज्याला मुंबईत सगळे एक्स्टीसी म्हणतात, त्यात तीच वीज संदेश म्हणून येते. पहिल्यात किलोव्होल्ट आणि मेगावॉट, दुसऱ्यात मिलिव्होल्ट आणि मेगाहर्ट्‌झ. मधला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल आणि एम्बेडेड सिस्टिम्सचा पट्टा बऱ्याच प्रमाणात सामाईक आहे.

शाखा की महाविद्यालय, या वादात मी साधारणपणे महाविद्यालयाच्या बाजूने असतो, आणि इलेक्ट्रिकलच्या बाबतीत तर ठामपणे असतो, कारण या शाखेला लागणारी मशिन्स लॅब एका उन्हाळ्यात उभी राहत नाही. मुंबई परिसरात माटुंग्याची व्हीजेटीआय ही १८८७ पासूनची संस्था आहे, अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९६२ पासूनचे आहे, आणि नवी मुंबईत वाशीच्या फादर अॅग्नेल संकुलातील महाविद्यालयातही इलेक्ट्रिकल शाखा आहे. ऐरोलीहून वाशी ट्रान्स-हार्बरने जवळ आहे, माटुंगा ठाण्याला गाडी बदलून गाठता येते, अंधेरी मात्र दमवते. चार वर्षे रोज तीन तास गाडीत जाणार असतील तर प्रवासाचा विचार करणे यात लाजण्यासारखे काही नाही.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा दर्शनी इमारत आणि कँटीन पाहून परतू नका. मशिन्स लॅब दाखवा असे सांगा. ट्रान्सफॉर्मरवर ओपन-सर्किट आणि शॉर्ट-सर्किट चाचणी कोण करते, हे तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. पहिल्या चाचणीत ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील लोहहानी कळते, दुसऱ्या चाचणीत वेटोळ्यांतील ताम्रहानी कळते, आणि या दोन वाचनांवरून त्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्यक्ष पूर्ण भार न टाकताही तो किती कार्यक्षम असेल हे सांगता येते. रस्त्याकडेच्या रोहित्रावर रात्री तीन वाजता फारसा भार नसतानाही ते गुणगुणत असते आणि त्यातील लोहहानी चालूच असते, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः जोडणी करून वॉटमीटर वाचला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘सर जोडून देतात, आम्ही रीडिंग उतरवून घेतो’ असे उत्तर मिळाले, तर त्या महाविद्यालयाचे नाव पर्याय-अर्जात खाली सरकवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचाच पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठवला जातो, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीत केवळ अंदाज घेण्यासाठी काही भरू नये. बाकीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावेत.

प्रश्न : मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पूर्ण केला आहे आणि आता थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणार आहे. डिप्लोमावाल्यांना पदवीचे गणित जमत नाही, असे सगळे सांगतात. काय तयारी करावी?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : सगळे सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. तुम्ही जेथून आत शिरणार, ते वर्ष या पदवीतील सर्वांत कठीण वर्ष आहे आणि तुमच्याबरोबरच्या मुलांनी आधीच्या वर्षी जे गणित केले ते तुमचे झालेले नसेल किंवा वरवर झालेले असेल. उलट मोटार, स्टार्टर, मेगर, अर्थिंग हे तुम्ही हाताळलेले आहे आणि तुमच्या वर्गातील बारावीहून आलेल्या अनेकांनी ते चित्रातच पाहिलेले असते. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर पहिले सहा महिने त्यांना तुमची गरज लागेल, ट्यूटोरियलच्या बाकावर तुम्हाला त्यांची.

प्रवेशफेऱ्या चालू असतानाच तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. संमिश्र संख्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार आणि त्यांचे ध्रुवीय रूप हाताने इतके सवयीचे झाले पाहिजे की इम्पिडन्स लिहिताना पेन थांबू नये. नंतर पहिल्या आणि दुसऱ्या कोटीची साधी अवकल समीकरणे, कारण लाप्लास त्यांच्यावरच उभा आहे. आणि मॅट्रिक्सने तीन समीकरणे सोडवणे. डिप्लोमाची पुस्तके फेकू मात्र नका. मशिन्सची बांधणी आणि वाइंडिंगच्या आकृत्या त्यांत बहुधा पदवीच्या पुस्तकांहून स्पष्ट दिलेल्या असतात.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि सर्किट थिअरी या दोन्ही विषयांत केटी लागली आहे, म्हणजे नापास झाल्याने ते पुन्हा द्यावे लागणार आहेत. मला हा विषयच कळत नाही असे वाटू लागले आहे. शाखा सोडून द्यावी का?
— एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : दोन केटींवरून शाखा सोडू नका. या दोन विषयांत एकदम केटी लागणे हे दोन वेगळे अपयश नाही. गणित कच्चे राहिले की सर्किट थिअरी पाठोपाठ जाते, आणि गणित सावरले की तीच उचलली जाते.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिले आहे की, सोडवलेली उदाहरणे वाचताना सगळे कळते पण परीक्षेत कागद कोरा राहतो. दुखणे तेथेच आहे. सोडवलेले उदाहरण वाचणे हा अभ्यास नव्हे. आजपासून प्रत्येक मंडल दोन पद्धतींनी सोडवा, एकदा मेश पद्धतीने आणि एकदा नोडल पद्धतीने. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर पुस्तकाच्या मागचे पान उघडू नका. त्याऐवजी प्रत्येक घटकाची शक्ती काढा. स्रोतांनी दिलेली एकूण शक्ती आणि बाकीच्या घटकांनी घेतलेली एकूण शक्ती सारखी आलीच पाहिजे. आली नाही तर चिन्हाची चूक कोणत्या फांदीत आहे हे तुम्हालाच सापडेल, आणि असे पाच-सहा वेळा सापडले की विषय कळत नाही ही भावना आपोआप मागे पडते. लाप्लाससाठीही हेच करा. एक रोधक आणि एक संधारक घेऊन संधारक चार्ज होण्याचे समीकरण आधी अवकल समीकरण म्हणून सोडवा, मग लाप्लासने सोडवा. उत्तर तेच येते, वाट छोटी होते.

जाता जाता एक तक्रार नोंदवून ठेवतो. सबमिशनच्या आठवड्यात रात्र रात्र जागून मागच्या वर्षीच्या जर्नलवरून जर्नल उतरवण्यात जेवढे तास जातात, तेवढ्या तासांत या दोन्ही केटी निघाल्या असत्या. पद्धत बदलणे तुमच्या हातात नाही, परंतु जर्नल प्रयोगाच्याच संध्याकाळी लिहून टाकणे आहे.

प्रश्न : या पदवीनंतर आपल्या भागात नोकऱ्या आहेत का? माझ्या ओळखीतील इलेक्ट्रिकलचे बहुतेक पदवीधर शेवटी सॉफ्टवेअर कंपनीतच गेले.
— एक पालक, नेरूळ

उत्तर : आपले निरीक्षण चुकीचे नाही. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवर बहुतेक सर्व शाखांच्या मुलांना घेतात, नोकरी शेवटच्या वर्षातच हातात पडते आणि कर्ज काढून शिकलेल्या मुलाने ती नाकारावी असे मी तरी सांगणार नाही. मूळ क्षेत्रातील नोकऱ्या मात्र वेगळ्या वाटेने मिळतात आणि त्यांना बहुधा उशीर लागतो.

आपण राहता तो परिसर विजेच्या दृष्टीने राज्यातील मोक्याचा भाग आहे. राज्याच्या वीजजाळ्यावर चोवीस तास नजर ठेवणारे राज्य भारप्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. भिवंडी तालुक्यातील पडघा येथे चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० केव्हीची उच्चदाब डीसी वाहिनी येते. ती १९९९ पासून चालू आहे आणि तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते बहुतेकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी पडघा-कळवा बाजूच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या पाठोपाठ बंद पडल्या, उरलेल्या वाहिन्यांवरचा भार वाढत गेला आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतंत्र चालू ठेवणारी आयलँडिंग व्यवस्थाही टिकली नाही. हा प्रसंग तिसऱ्या वर्षाच्या पॉवर सिस्टिम्समध्ये शिकवावा असा आहे, आणि तो पुन्हा घडू नये म्हणून रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणांची) सेटिंग्ज ठरवणारी माणसे याच पदवीतून येतात.

राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. त्यांची भरती जाहिरात निघाल्यावर होते, तिला वेळापत्रक नसते. एनटीपीसी आणि पॉवरग्रिड यांसारख्या केंद्रीय कंपन्यांनी पदवीधर इंजिनिअर घेताना गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांचा आधार घेतला आहे, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच गेटची तयारी सुरू करणे शहाणपणाचे. रेल्वेचे तर सांगायलाच नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी मुंबई व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग २०१६ पर्यंत २५ केव्ही एसीवर गेले.

खासगी क्षेत्रात कळव्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात स्विचगिअर आणि पॅनेल बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत, आणि ऐरोली, रबाळे, महापे या भागांत उभी राहिलेली डेटा सेंटर्स ही अलीकडची मोठी भर आहे. बाहेरून ती संगणकांची इमारत वाटते, पण आत उपकेंद्र, रोहित्रे, यूपीएस, बॅटऱ्यांच्या रांगा, डिझेल जनित्रे आणि शीतकरण यांचाच पसारा असतो, आणि वीज क्षणभरही न जाऊ देणे हेच तेथील इलेक्ट्रिकल इंजिनिअरचे काम असते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असू शकतो आणि पाळ्या कराव्या लागतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. पॅनेलच्या एखाद्या लहान कारखान्यात वर्षभर अॅप्रेंटिस म्हणून काम केलेला पदवीधर सिंगल लाइन डायग्रॅम, म्हणजे वीजजोडणीचा एकरेषी आराखडा, झरझर वाचतो, आणि मुलाखतीत ते लगेच दिसून येते.

प्रश्न : मुलीच्या शुल्काची सवलत नेमकी कोणाला मिळते? कोणती कागदपत्रे आधी काढावीत?
— एक पालक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात आणि परीक्षाशुल्कात पूर्ण सवलत आहे, मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, संस्थास्तरावरील कोट्यातून झालेला चालत नाही. विकासशुल्क, वसतिगृह, पुस्तके हा खर्च यात येत नाही. याशिवाय शिक्षणशुल्क माफीच्या योजनेतील काही जादा जागा केंद्रीय प्रवेशात असतात. त्या मुलगा-मुलगी दोघांनाही खुल्या आहेत, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच आहे आणि जागा मोजक्या असल्याने गुण बरेच लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जातपडताळणी आणि ज्यांना लागू असेल त्यांनी चालू वर्षाचे नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, हे सर्व फेऱ्या सुरू होण्याआधी हातात असावे. यांतील जातपडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावीतच करून टाकणे बरे.